करवतीला एक रात्र द्या

मे महिन्यात महापालिकांची वृक्षछाटणी, जूनच्या पहिल्या वाऱ्यात आडवं झालेलं गुलमोहराचं झाड, त्याखाली चेपलेली रिक्षा, मग छाटणी कुणी केली नाही यावरून जुंपलेली भांडणं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना हा क्रम पाठ आहे. बातमीत कधी येत नाही ती झाड कापणारी पेट्रोलवरची करवत. हंगामात ती दिवसभर राबते, फांदीवरून निसटते, टेम्पोच्या फाळक्यावरून घसरते आणि कुठे तरी तडकते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्याच नावाने हाका सुरू होतात.

मग निघतं एम-सील, म्हणजे मळून लावायची एपॉक्सी. नळ, सिंटेक्सची टाकी, बाथरूमचा पाइप आणि पेट्रोलवरचं इंजिन, सगळ्यांवर एकच औषध. १९६२ मध्ये एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला त्या वागळे इस्टेटीत आर्गन वेल्डिंग करून देणारे आहेत, लेथ आहेत. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातही आहेत. पण वेल्डिंगसाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं. त्यात करवतीचा क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो वेल्ड करणं येरागबाळ्याचं काम नाही. एपॉक्सीचा मोह होतो तो इथेच. हा मोह दरवेळी चुकीचा असतो असंही नाही.

या चिकट पदार्थाचा जन्म कवळीच्या शोधात झाला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. झुरिकच्या दे ट्रे या दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपनीत पिएर कास्तान नावाचा रसायनतज्ज्ञ होता. साच्यात ओतल्यावर आकसणार नाही असा पदार्थ त्याला दातांसाठी हवा होता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने पेटंट घेतलं. कवळ्यांच्या बाजारात त्यातून काही फार घडलं नाही. हक्क सीबा कंपनीकडे गेले आणि १९४६ मध्ये बाझलच्या प्रदर्शनात तोच पदार्थ ‘अ‍ॅराल्डाइट’ म्हणून लोकांसमोर आला. भारतात हे नाव २०२० मध्ये पिडिलाइटच्या घरात आलं. एम-सील त्याआधीच, २००० साली, महिंद्रा समूहातल्या कंपनीकडून तिथे पोचलं होतं. दुकानाच्या मांडणीवर एकमेकांशी स्पर्धा करताना दिसणारे हे दोघे आता एकाच घरचे आहेत.

कास्तानला हवा होता तो न आकसण्याचा गुण आजही एपॉक्सीचा मोठा गुण आहे. घोळ होतो तो रेझिन आणि हार्डनरच्या मिश्रणात. फायबरच्या पत्र्यांचं काम केलेल्या कारागिराला सवय असते की हार्डनरचे दोन थेंब जास्त टाकले की माल लवकर कडक होतो. तिथे ते खरं आहे, कारण पॉलिएस्टर रेझिनमध्ये तो द्रव फक्त प्रक्रियेला चालना देतो. एपॉक्सीचा हार्डनर मात्र प्रक्रियेत स्वतः खर्ची पडतो, रेझिनच्या कणाला कण जोडत जातो. जास्त घातला तर जोडीदार न मिळालेला हार्डनर तसाच उरतो आणि सांधा मऊ राहतो. डाळीत मीठ घालावं तसं अंदाजाने हे काम होत नाही. पाकिटावरचं प्रमाण पाळावंच लागतं.

दुसरा घोळ पुसण्यात होतो. तडा साफ करायला फडकं बुडवलं जातं ते टेबलाखालच्या कॅनमध्ये. त्या कॅनमध्ये असतं टू-स्ट्रोकचं पेट्रोल, म्हणजे तेल मिसळलेलं! धातूवर तेलाचा पातळ थर चढवून त्यावर एपॉक्सी लावायची आणि ती सुटली की कंपनीला शिव्या घालायच्या. अ‍ॅसिटोन घ्यावं, कोरं फडकं घ्यावं, पॉलिश पेपरने धातू खरवडून पुन्हा पुसावं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडावीत म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि तड्याची रेघ इंग्रजी व्हीसारखी रुंदावावी. मॅग्नेशियमचा कीस मात्र लगेच गोळा करून दूर ठेवावा. तो पेटला तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकतो.

तिसरा घोळ आपल्या हवेचा आहे. जुलैत उल्हास नदीकाठच्या दमट हवेत काही हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि वर तेलकट साय धरते. त्यावर दुसरा थर चढवला तर तो सालीसारखा निघतो. कोमट पाण्याने ती साय धुऊन, वाळवून, घासून मगच पुढचा हात द्यायचा.

आता जागेचा प्रश्न. क्रँककेसच्या बाहेरच्या अंगाला गेलेला तडा, कव्हरचा तुटलेला कान, तेलाच्या टाकीची गळती, इथे धातूची पूड घातलेली एपॉक्सी चांगली टिकते. सिलिंडर, एक्झॉस्टचं तोंड आणि सायलेन्सर यांच्या वाटेला जाऊ नये. साधी एपॉक्सी साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागते. हवेवर थंड होणारा सिलिंडर याच्या दुपटीहून जास्त तापतो. सिलिंडरची तुटलेली फिन चिकटवण्यातही अर्थ नाही, कारण एपॉक्सीतून उष्णता नीट जात नाही. गवत कापायच्या यंत्राची पांढरी, हाताला मेणचट लागणारी पेट्रोल टाकी पॉलिथिलीनची असते. तिला कुठलीच साधी एपॉक्सी धरत नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे टाकीच्या आतल्या ठिगळाची परीक्षा आणखी कडक. चेन ब्रेक आणि पुढचा हँडल चिकटवून देणाऱ्याला तर दुकान बंद करायला लावावं. तिथे फक्त नवा भाग.

क्रँककेसचं ठिगळ अर्धवट बसलं तर दिसायला काहीच दिसत नाही. फटीतून हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल आणि त्यासोबतचं तेल कमी पडतं, इंजिन तापतं आणि मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारा पिस्टन सीझ होतो. शंभर रुपये वाचवायला गेलेल्याला सिलिंडर-पिस्टनचा खर्च येतो तो असा.

खरा वाद मात्र ‘पाच मिनिटांत पक्की’ या पाकिटांशी आहे. १० जुलै २००६ रोजी बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर कोसळले आणि आतली महिला मरण पावली. पॅनेल पेलणारे बोल्ट एपॉक्सीने बसवलेले होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निष्पन्न झालं की वापरलेली एपॉक्सी झटपट बसणारी होती. थोड्या वेळाच्या चाचणीत ती ताकद दाखवते, पण सततच्या भाराखाली हळूहळू ताणत जाते. बोल्ट कणाकणाने खाली सरकत होते. करवतीवर बोगद्याचा भार नसतो हे खरं, पण तिथे उष्णता आणि कंप आहेत आणि झटपट एपॉक्सी बहुधा उष्णतेतही आधी हार मानते. ठेकेदाराला मशीन दुपारी हवं असतं, म्हणून पाच मिनिटांचं पाकीट खपतं. चोवीस तासांची ट्यूब मांडणीवर धूळ खात पडते.

या घाईत हातमोजेही राहतात. बोटांनी मळलेली एपॉक्सी काहींच्या कातडीला बाधते आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती आयुष्यभर सोबत करते. नंतर हात थिनरने धुतले की आणखी वाईट; साबण आणि पाणीच बरं.

सांधा पक्का झाला की नाही, हे सांध्याला नख लावून बघू नये. मिश्रणाचा उरलेला गोळा पुठ्ठ्यावर ठेवून शेजारी वेळ लिहायची. सकाळी त्या गोळ्यात नख रुतलं तर हार्डनर चुकला किंवा रात्र गार गेली. मग सांधा दोन तास शंभर वॅटच्या जुन्या बल्बखाली, आणि तरीही चिकटच असेल तर सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.