अविभाज्य संख्या आणि पेढीचे कुलूप

नगरच्या आडते बाजारातील आणि डाळ मंडईतील पेढ्यांचे बरेच व्यवहार आता मोबाईलवरून होतात. त्या रकमांच्या राखणीत मोठ्या अविभाज्य संख्यांचा वाटा आहे.

प्रचंड संख्यांचे जैन परंपरेला वावडे नाही. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची किमान संख्या ९६ वेळा निम्मी करता येईल अशी सांगितली आहे. म्हणजे २ चा ९६ वा घात, एकूण २९ अंक. तीतून एक वजा केल्यास मात्र अविभाज्य संख्या मिळत नाही, तिला ३ ने भाग जातो. घातांक स्वतः अविभाज्य असावा लागतो, आणि तेवढ्यानेही भागत नाही. ११ व्या घातातून एक वजा केल्यास २०४७ उरतात, म्हणजे २३ गुणिले ८९. १३ व्या घाताने ८१९१ ही अविभाज्य संख्या हाती येते. २०२४ मध्ये याच जातीची, तब्बल ४,१०,२४,३२० अंकांची संख्या सापडली.

बाजारात तिचा काडीचा उपयोग नाही. कुलपाला सुमारे ३०० अंकी दोन अविभाज्य संख्या पुरतात. त्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे आजच्या संगणकांना साधलेले नाही. म्हणूनच चोर गणिताच्या वाटेला जात नाही. तो मुनीमजींना फोन करून ओटीपी विचारतो.