टाकीवर संगमरवराची नक्षी कशी उठते? रंगवण्याआधी हे वाचा

हिंगोली : काळ्या टाकीवर चंदेरी शिरा, जणू संगमरवरच! दुचाकीवरचा असा ‘मार्बल’ रंग अनेकांना स्टिकर वाटतो. प्रत्यक्षात ही नक्षी डबे झाकायच्या पातळ प्लास्टिकने उठवता येते.

कल्पना नवी आहे का?
नाही. १७ व्या शतकात विजापूरचे चित्रकार पाण्यावर रंग तरंगवून कागदावर अशी नक्षी उतरवत. तिला ‘अबरी’ म्हणतात. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग. गाडीच्या पत्र्यावर मात्र पद्धत वेगळी आहे.

कसे करतात?
टाकी उतरवून जुना रंग घासतात. प्रायमर आणि काळा बेस कोट देतात. तो सुकला की चंदेरी किंवा मोतिया रंग फवारतात. हा थर ओला असतानाच चुरगळलेले प्लास्टिक दाबून उचलतात. प्लास्टिक चिकटते तिथला रंग निघतो, घडीखाली तो साचतो, त्याच शिरा. त्यावर पारदर्शक ‘कँडी’ रंग दिला की नक्षी लाल किंवा निळी दिसते. शेवटी क्लिअर कोट.

काम कुठे बिघडते?
उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांपुढे जातो. थर लगेच सुकतो आणि नक्षी उठत नाही. म्हणून सकाळी लवकर, सावलीत, एका वेळी एकच भाग घ्यावा. थिनर सावकाश सुकणारे वापरावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. आधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवलेला बरा.

सर्वात मोठा धोका कोणाला?
पेंटरला. ‘टू-के’ क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. एकदा तो जडला की पुढे थोड्या फवाऱ्यानेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल इथे उपयोगाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा.

नियम काय सांगतो?
गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. मूळ रंगच बदलणार असेल, तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करून नोंद बदलून घ्यावी. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्यासाठी राखीव आहे.

त्यामुळे टाकी रंगवायला देताना भाव ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहा : आरसीवरची नोंद आणि पेंटरच्या तोंडावरचा मास्क.