खोगिराखालचा पॅड

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या नागपुरात ड्रेसेजच्या घोड्याला जाड सिंथेटिक पॅड म्हणजे भर उन्हात घोंगडी. सुती अस्तराचा, वारंवार धुता येईल असाच घ्या. ड्रेसेजच्या खोगिराचे पाखे लांब, सरळ असतात. उड्यांसाठीचा आखूड पॅड त्याखाली पुरत नाही. चढवताना मानेमागच्या उंचवट्यावर तो ताणलेला नको, खोगिराच्या पन्हळीत वर ओढून घ्या. स्वारीनंतर घोड्याची पाठ पाहा: घामाने भिजलेल्या भागात मध्येच कोरडा डाग असेल, तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता आहे. मुळात खोगीरच बसत नसेल, तर पॅडवर पॅड चढवणे म्हणजे अक्षरशः खोगीरभरती! आधी खोगीर जाणकाराला दाखवा, पॅड नंतर घ्या.