वजनकाटा, पाळी आणि इन्शुलिन

पुणे–सातारा महामार्गावरून भोरचा रस्ता जेथे फुटतो, त्या कापूरहोळसारख्या गावातही आज 'थायरॉईड' आणि 'पीसीओडी' हे शब्द घरोघरी पोहोचले आहेत. मात्र संप्रेरकांचा, म्हणजे ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणाऱ्या रासायनिक निरोप्यांचा, वजनाशी संबंध कसा येतो याविषयी गैरसमजच अधिक आहेत.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा स्राव कमी पडला की शरीराचा ऊर्जाखर्च मंदावतो आणि वजन वाढते, हे खरे. पण ही वाढ बहुधा दोन ते पाच किलोंची असते आणि तिच्यात चरबीपेक्षा क्षार व पाणी यांचा वाटा मोठा असतो, म्हणून पंधरा-वीस किलोंचे सारे खापर या एका ग्रंथीवर फोडता येत नाही.

पीसीओडीची, म्हणजे बीजकोशांच्या विकाराची, गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सोनोग्राफीत दिसतात व ज्यांना 'गाठी' म्हटले जाते, त्या वस्तुतः वाढ अर्धवट राहिलेल्या बीजपुटिका असतात. रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्शुलिनला स्नायू नीट दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात सोडते. हे जादा इन्शुलिन चरबी साठवते, शिवाय बीजकोशांकडून पुरुषी संप्रेरके वाढवून घेते, त्यामुळे बीज सुटत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, आणि पोटावर साठलेली चरबी इन्शुलिनचा प्रभाव आणखी घटवते. अशा स्त्रीला केवळ 'खाणे आवर' असे सांगणे अन्यायाचे आहे. तरीही वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते, ही मोठी दिलाशाची बाब होय.

कापूरहोळच्या याच पुणे जिल्ह्याने या विषयात महत्त्वाची भर घातली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो आढळले; तथापि लहानखुऱ्या बाळांतही स्नायूंच्या मानाने त्वचेखालची चरबी टिकून होती. या 'बारीक पण चरबीयुक्त' शरीररचनेमुळे भारतीय स्त्रीच्या कमरेचा 80 सेंटिमीटरचा घेर धोक्याची मर्यादा मानला जातो. म्हणजे सडपातळ बांध्यामागेही बिघाड लपलेला असू शकतो; पण सडपातळ मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नसली तरी 'लग्नानंतर सुरळीत होईल' म्हणून तिला तपासणीपासून दूर ठेवले जाते, आणि तिच्या मानेवरचा मखमली काळेपणा मळ समजून घासला जातो, जो पुष्कळदा वाढलेल्या इन्शुलिनची खूण असतो.