दुरून लागणारा दिवा

मुलांनो, विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील गाव. धुळ्याहून सुरतेला जाणारा महामार्ग या गावावरून जातो. समजा, तुम्ही तेथे राहता. तुमची विहीर घरापासून दूर, शेतात आहे. शेतीची वीज रात्री आली, की पंप सुरू करायला वडिलांना अंधारात बांधावरून जावे लागते. वाटेत सापाविंचवाचे भय असते. घरी बसूनच पंप सुरू करता आला तर? ही सोय कशी होते, ते आपण एका लहान दिव्याच्या उदाहरणाने समजून घेऊ.

या दिव्याचे दोन भाग असतात. एक भाग तुमच्या हातात राहतो. त्यातील बटन दाबले, की रेडिओ लहरींतून संदेश निघतो. दुसरा भाग दिव्याजवळ असतो आणि तो संदेश घेतो. मध्ये तार नसते. अशा साधनांत बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात. म्हणजे एका सेकंदात ४३ कोटी ३० लाख कंपने!

पण हवेत इतरही अनेक लहरी असतात. मग दिव्याला आपला संदेश कसा ओळखू येतो? गजबजलेल्या बाजारात शेकडो आवाज येतात. तरी कोणी तुमचे नाव घेऊन हाक मारली, की तुम्ही वळून पाहता. दिव्यालाही असेच नाव देतात. ते अंकांचे असते. समजा, संदेश आहे १०११-१. पहिले चार अंक हे दिव्याचे नाव. शेवटचा अंक १ असेल तर दिवा लावायचा, ० असेल तर विझवायचा.

हे ओळखण्याचे काम सूक्ष्मनियंत्रक करतो. तो म्हणजे नखाएवढा लहानसा संगणकच. नाव जुळले नाही, तर तो गप्प राहतो. नाव जुळले, तर शेवटचा अंक पाहून काम करतो. एखादा संदेश वाटेत बिघडू शकतो. म्हणून तोच संदेश लागोपाठ अनेक वेळा पाठवतात.

सूक्ष्मनियंत्रकातून फार थोडा विद्युतप्रवाह मिळतो. त्यावर छोटा एलईडी दिवा लागतो, पंप चालत नाही. पंपासाठी रिले नावाचा चुंबकीय खटका लागतो. थोड्या प्रवाहाने तो ओढला जातो आणि मोठ्या प्रवाहाची वाट उघडतो.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी लहानपणी आपल्या आजोबांना पंपासाठी शेतात पायपीट करताना पाहिले होते. पुढे त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार केले. त्यामुळे शेतकऱ्याला मोबाइल फोनवरून पंप चालू किंवा बंद करता येतो. शेतात वीज आहे की नाही, हेही घरी समजते.

तुम्हीही शिक्षकांच्या मदतीने असा दिवा बनवून पाहा. एलईडीला रोध अवश्य जोडा. नाहीतर जास्त प्रवाहाने तो जळतो. मात्र प्रयोगासाठी बॅटरीच वापरा. घरातील वीज २३० व्होल्टची असते. तिचा धक्का जीव घेऊ शकतो. ज्या यंत्राने वडिलांची रात्रीची भीती दूर करायची, ते बनवताना आपलाच जीव धोक्यात घालू नये.