पूर्व गोलार्ध कोठें संपतो?

भूगोलाच्या एका परीक्षेंत 'न्यूझीलंड कोणत्या गोलार्धांत आहे?' असा प्रश्न आम्हीं घातला होता. एका विद्यार्थ्यानें 'दक्षिण व पश्चिम' असें उत्तर लिहिलें. त्यांतील 'पश्चिम' या शब्दावर आम्हीं तांबडी रेघ ओढिली व अर्धा मार्क कापला. दुसरे दिवशीं तो मुलगा वडील भावाचा जुना अ‍ॅटलास घेऊन आला. पहिल्याच पानावर पृथ्वीचीं दोन वर्तुळें काढलेलीं होतीं, आणि न्यूझीलंड खरोखरच अमेरिकेच्या वर्तुळांत, डाव्या कडेस, छापलेलें होतें! तेव्हांपासून हा विषय वाचकांपुढें नीट मांडावा असें आमच्या मनांत होतें.

विषुववृत्ताविषयीं असा तंटा उद्भवत नाहीं. पृथ्वी आपल्या आंसाभोंवतीं फिरते. त्या आंसाचीं दोन टोंकें म्हणजे ध्रुव. दोन्ही ध्रुवांपासून सारख्या अंतरावर एकच वर्तुळ निघतें, व तें निसर्गानेंच ठरवून दिलेलें आहे. रेखावृत्तांची गोष्ट निराळी. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाणाऱ्या या रेषा सर्व सारख्याच लांबीच्या. त्यांत थोरली कोणती व धाकटी कोणती हें पृथ्वी सांगत नाहीं. शिवाय प्रत्येक रेखावृत्त हें अर्धेंच वर्तुळ असतें, हें बरेच विद्यार्थी विसरतात. कलिंगडाचे दोन भाग करावयाचे तर सुरी पाठीमागूनहि फिरली पाहिजे. त्याप्रमाणेंच एका रेखावृत्तास त्याच्या बरोबर पाठीमागचें, १८० अंशांवरील रेखावृत्त जोडावें, तेव्हां कोठें दोन गोलार्ध पडतात.

मग पहिली रेषा कोणती धरावयाची? आपल्याकडील प्राचीन ज्योतिषी लंका व उज्जयिनी यांवरून जाणारी रेषा मूळ मानून गणित करीत. टॉलेमीनें त्या काळीं ठाऊक असलेल्या जगाच्या पश्चिम टोंकास, आफ्रिकेजवळील बेटांपासून मोजणी आरंभिली. फ्रेंच लोक पॅरिसची रेषा धरीत. अखेर सन १८८४ मध्यें वॉशिंग्टन येथें २५ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले व लंडनजवळील ग्रीनिच वेधशाळेची रेषा शून्य अंशाची ठरली. बाजूनें २२ मतें, विरुद्ध एक. फ्रान्स व ब्राझील यांनीं मत दिलें नाहीं. ग्रीनिचच कां? जगांतील बहुतेक जहाजें त्या वेळीं ग्रीनिचवरून आंखलेले नकाशेच वापरीत असत, इतकेंच.

या हिशेबानें न्यूझीलंडचीं मुख्य बेटें निःसंशय पूर्व गोलार्धांत येतात. तीं सुमारें १६६ ते १७९ अंश पूर्व यांच्या दरम्यान आहेत. परंतु हीच शून्य अंशाची रेषा इंग्लंड, फ्रान्स व स्पेन यांस चिरीत आफ्रिकेंत उतरते आणि घाना देशांतील टेमा बंदरापाशीं पुन्हां समुद्रास मिळते. तिच्यावर जगाचें चित्र कापलें तर स्पेनचा बहुतेक भाग एका वर्तुळांत व फ्रान्सचा बहुतेक भाग दुसऱ्यांत! म्हणून नकाशे काढणारांनीं युक्ति केली. कापण्याची रेषा त्यांनीं २० अंश पश्चिमेस सरकविली. आफ्रिकेचें पश्चिम टोंक साडेसतरा अंशांच्या आसपासच संपतें. त्यामुळें तें खंड अखंड राहिलें, मात्र आइसलंडवरून कात्री फिरली. मात्र पुढची रेषा सरकली म्हणजे पाठीमागचीहि सरकलीच पाहिजे. ती १८० वरून १६० अंश पूर्वेवर आली. ऑस्ट्रेलिया अलीकडे सुरक्षित राहिला, कामचाटका चिरला गेला, आणि बिचारें न्यूझीलंड अमेरिकेच्या पंक्तीस जाऊन बसलें.

पालकांनींहि घरीं अ‍ॅटलास असल्यास या दोन वर्तुळांच्या कडांवरील आंकडे मुलांकडून वाचवून घ्यावेत. तेथें २० व १६० आढळले तर तो विभाग चित्राच्या सोयीचा, ० व १८० आढळले तर ग्रीनिचच्या ठरावाचा, असें समजावें.

त्या मुलाचा अर्धा मार्क आम्हीं परत दिला. प्रश्नांत 'ग्रीनिचच्या रेषेप्रमाणें' हे शब्द घालावयास आम्हीच विसरलों होतों.