मणक्यातील वेदना आणि किरणांची एक बैठक

स्तन, पुरःस्थ ग्रंथी किंवा फुप्फुस यांत मूळ धरलेला कर्करोग रक्तावाटे अस्थींत शिरला, की तो बहुधा पाठीच्या कण्यातच ठाण मांडतो. आणि ज्या मणक्यांच्या आधाराने मनुष्य उभा राहतो तेच पोखरले जाऊन, आडवे झाल्यावर अधिकच ठणकणारी वेदना त्याची झोप हिरावून घेते. अशा रोग्यास किरणोपचाराची शिफारस होते ती रोग निर्मूल व्हावा म्हणून नव्हे, तर उरलेली हयात, मग ती महिन्यांची असो की वर्षांची, सुसह्य व्हावी म्हणून. आणि हा हेतू कोणी दुय्यम लेखावा हे मला अन्यायाचे वाटते.

किरणांची मात्रा ग्रे या परिमाणाने मोजतात. ३० ग्रे दहा बैठकांत विभागून द्यावे, अशी जुनी वहिवाट. परंतु नेदरलँड्समध्ये अस्थिप्रसार झालेल्या ११७१ रोग्यांवर केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकाच बैठकीतील ८ ग्रे वेदनाशमनात सहा बैठकांतील २४ ग्रेच्या तोडीचे ठरले. एका बैठकीनंतर पुन्हा उपचार घेण्याची पाळी अधिक जणांवर येते, हे खरे. तथापि विदर्भातल्या खेड्यातून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या, गाडीच्या प्रत्येक हिसक्याला कळवळणाऱ्या रोग्याच्या दृष्टीने वाचलेल्या फेऱ्या, वाचलेला खर्च आणि घरी घालविलेले दिवस हाही उपचाराचाच भाग होय. मात्र आराम तत्काळ पडत नाही. पहिल्या एकदोन दिवसांत दुखणे काहींना वाढलेलेच भासते, आणि उतार पडावयास पुष्कळदा काही आठवडे लागतात, ही कल्पना घरच्यांना आधी दिलेली बरी.

हा आराम केवळ वेदनेच्या अंकावर मोजीत नाहीत. अशा रोग्यांसाठी २२ प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. तीत जिना चढताना दुखते काय, झोप मोडते काय, परावलंबी होण्याची चिंता वाटते काय, असे विचारतात. संसारी माणसाचे सुखदुःख इतक्या नेमकेपणाने वैद्यकाच्या दप्तरी नोंदले जावे, याचे मला मोठे मोल वाटते.

अलीकडे मज्जारज्जूला शक्य तितके वगळून मणक्यावरच किरण एकवटता येतात. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील २०२१ च्या चाचणीत तीन महिन्यांनी पूर्ण वेदनामुक्त झालेले अशा उपचाराने ३५ टक्के, तर रूढ पद्धतीने १४ टक्के आढळले.

पायांतले बळ जाऊ लागले, बधिरता आली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला जात आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण उपचाराच्या वेळी जो चालत असतो, तोच पुढेही चालत राहण्याचा संभव सर्वाधिक असतो.